माकलाच्या हाडातलं नाणं

२००१ सालच्या फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे सव्वानऊ. रत्नागिरीतल्या आमच्या आळीत मासे करपल्याचा वास सुटला. वास आमच्या घरातून येत होता.

घटना एवढीच. पण आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहतो आणि मासळीचं नाव एरवीही कोणी मोठ्याने घेत नाही, हे आळीला ठाऊक होतं. त्यामुळे आळीला एवढी घटना पुरली. सव्वानऊला वास, साडेनऊला शेजारच्या यमुनाबाई! दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे त्या उभ्या होत्या. पदर नाकाला, डोळे आमच्या मागीलदाराला.

"काय गो संध्या, करपलं वाटतं काही?"

"दूध उतू गेलं," माझी बायको म्हणाली.

"दूध? कुठल्या बोंबलाचं?"

संध्याने दार लावून घेतलं. दारामागे माझा थोरला भाऊ श्याम शेगडीपुढे उकिडवा बसला होता. अंगात गोणपाटाचा एप्रन, डोळ्यांवर वहिनीचा मोडका गॉगल, हातात सांडशी. त्याच्या चेहऱ्यावर रॉकेट सोडणाऱ्या शास्त्रज्ञाचं समाधान होतं. समोर करपत होतं ते माशाचं हाड. आणि आई देवळात प्रवचनाला गेली होती, एवढीच काय ती त्या सकाळची चांगली बाजू.

प्रकरणाची सुरुवात आदल्या दिवाळीच्या फराळाला झाली. आमची आई, आनंदीबाई, ऐंशी पूर्ण करून पुढे निघाली होती. मार्चात तिच्या सहस्रचंद्रदर्शनाची शांत करायचं ठरलं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा हा समारंभ. पाहुण्यांना काय द्यायचं, असा विषय निघाला आणि दादाने चकलीचा तुकडा उंच धरून घोषणा केली.

"लोक नारळ देतात, रुमाल देतात. आपण नाणं द्यायचं! आईचं नाणं! राजाराण्यांची निघतात, मग आपल्या आईचं का नको? एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पौर्णिमेचा चंद्र, चंद्रात ससा. पाहुण्यांना कथलाचं, आईला चांदीचं. साचा घरी, ओतकाम घरी. सराफाच्या पायरीला पाय लावायचा नाही!"

वहिनी म्हणाली, "आधी त्या हार्मोनियमचं पोट शिवा."

हार्मोनियम हा दादाचा जुना उद्योग. तीन वर्षं ती पोट उघडून कोनाड्यात पडली होती. त्याआधी त्याने माळ्यावर जायला जिना केला होता. जिना उत्तम होता, फक्त माळ्यापर्यंत जात नव्हता. शेवटच्या चार पायऱ्या 'पुढच्या सुट्टीत' करायच्या होत्या. दादा सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झाला होता. दुसऱ्याच्या जमिनीची रेघ तो केसाएवढी काढायचा. घरातली रेघ मात्र मध्येच कुठेतरी थांबायची.

आईने चिवडा चावून संपवला आणि मग निकाल दिला.

"श्याम्या, तुझं काम म्हणजे आंब्याचा मोहर रे. दरवर्षी बघावं, वाहवा करावी, आणि फळ धरलं तर दैव! मी आहे तोवर एक तरी काम शेवटाला ने. 'पुरं झालं' म्हणायची माझी जीभ विसरली मेली!"

सगळे हसले. दादाही हसला, पण त्याने उरलेली चकली ताटात ठेवली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आईच्या तोंडून दोन शब्द हवे होते. 'पुरं झालं.' पुढे जे काही घडलं, ते या दोन शब्दांसाठी घडलं.

पहिला प्रयत्न पोलादी ठशाचा. हातखंब्याच्या नाक्यावरच्या गॅरेजातून दादाने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा आणला, आठवडाभर छिन्नीने त्यावर आईचा चेहरा उलटा कोरला, खाली कथलाची चकती ठेवली आणि वर घण घातला. चकती बेडकासारखी उडाली, गडगा ओलांडून गेली आणि यमुनाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर उतरली. यमुनाबाईंनी पापड आणून दाखवला. पापडाला पडलेलं भोक नाण्यापेक्षा सुबक होतं.

दुसरा प्रयत्न तांबड्या मातीचा. साचा वाळला आणि आईच्या नाकापासून हनुवटीपर्यंत तडा गेला.

तिसरा, प्लास्टर. आमच्या हवेत मीठसुद्धा डब्यात घाम गाळतं, तिथे प्लास्टर कुठलं पुरतं वाळायला? ओल्या साच्यात तापलेलं कथील पडलं आणि बंदुकीच्या छऱ्यासारखं वर उडालं. त्यातला एक थेंब अजून मागच्या पडवीच्या वाशाला चिकटलेला आहे. दादा त्याला 'पहिलं नाणं' म्हणतो.

मग त्याला कुठूनसं कळलं, की जुने सोनार लहान वस्तू समुद्रफेनात ओतत. समुद्रफेन म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा पांढरा, हलका, खडूसारखा तुकडा. उगाळून कानाला वगैरे लावतात. नाव फेसाचं असलं तरी वस्तू माकूल नावाच्या माशाच्या पाठीतून निघते. ते हाड इतकं मऊ, की त्यात एखादी चकती नुसती दाबली तरी ठसा उमटतो. दोन हाडं घासून सपाट करायची, मध्ये चकती दाबून काढून घ्यायची, हाडं तारेने बांधायची आणि वरच्या खाचेतून धातू ओतायचा. दादाने शिसवीच्या लाकडात आईचा चेहरा कोरला. आईने आयुष्यात एकदाच फोटो काढू दिला होता, पन्नाशीत. त्यावरून काढलेला तो चेहरा खरोखर देखणा होता. गाल गुळगुळीत, कपाळ कोरं.

अडचण एकच. हाड एका ओतण्यात करपून वाया जातं. म्हणजे जितकी नाणी, त्याच्या दुप्पट हाडं. दुकानातले तुकडे बोटभर. मोठी हाडं मिळणार ती मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात, नाहीतर धोंडूबाईकडे.

धोंडूबाई सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या आळीच्या टोकापर्यंत येते आणि वळून पुढच्या आळीत जाते. आत शिरत नाही, तिथे तिचं गिऱ्हाईक नाही. दादाने तिला वळणावर गाठलं. मी सोबत होतो. दादाने आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं, मग आभाळाकडे पाहत बोलला.

"धोंडूबाई, माकलाची हाडं मिळतील काय गो?"

"माकूल हाय ना ताजं! किती देऊ?"

"माकूल नको. नुसती हाडं."

धोंडूबाईने पाटी खाली ठेवली. "भाऊ, लोक माकूल खातात नि हाड टाकतात. तुमी माकूल टाकून हाड खानार?"

"खायला नाही गो! कामाला हवीत."

"बामनाच्या घरात माकलाचा काय काम?" मग तिने आवाज एकदम खाली आणला. तिला सगळं उमगलं होतं. "बरा, बरा. नाय सांगत कोनाला. आनते मी."

तिने कोणाला सांगितलं नाही, असं ती आजही सांगते. दोन दिवसांनी मासळी बाजारातली अनोळखी बाई मला एस.टी. स्टँडवर हसून म्हणाली, "आता तिसऱ्या, कालवं पन खाऊन बघा, भाऊ!"

धोंडूबाईने पोतंभर हाडं मागीलदारी आणून टाकली. वर मायेने एका पानात साफ केलेलं ताजं माकूलही ठेवलं. आळीतली मांजरं धोंडूबाईपेक्षा आधी पोचली होती. आळीतल्या सगळ्या मांजरांना एकाच दारात रांगेत बसलेलं यमुनाबाईंनी पाहिलं, आणि त्यांच्या मनातली फाईल जाड झाली.

आता पुन्हा तो रविवार. त्या सकाळी दादाने पहिल्यांदा चांदी ओतली. कथलाने हाड नुसतं तांबूस व्हायचं, चांदीने ते पेटलं. वास उठला तो तिथून. धूर विरल्यावर दादाने तार सोडली, हाडाची दोन शकलं वेगळी केली आणि चिमट्याने नाणं पाण्यात बुडवलं. चर्र झालं. त्याने ते पुसून हातावर ठेवलं आणि आम्ही सगळे वाकलो.

नाण्यावर आई होती. दादाने कोरलेली पन्नाशीची आई नव्हे, तर देवळात प्रवचनाला गेलेली! समुद्रफेनात लाटांसारख्या बारीक रेघा असतात. धातू त्या रेघा उचलतो. त्या रेघा आईच्या गालावर, कपाळावर, डोळ्यांच्या कडेला बरोबर जिथे हव्यात तिथे उमटल्या होत्या.

"अगोबाई!" वहिनी म्हणाली. "ह्या तर आत्ता ओरडतील असं वाटतं."

दादाने गॉगल काढून पुसला. गॉगल स्वच्छ होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. यमुनाबाई! या वेळी त्यांच्यासोबत आळीतल्या आणखी दोघी होत्या. दाराच्या फटीतून संध्याने तोंड बाहेर काढलं आणि तिच्या तोंडून पुढचं वाक्य निघालं, ज्याची परवानगी तिने कोणाकडून घेतली नव्हती.

"आईंच्या कानाचं औषध करतोय! समुद्रफेन भाजतात त्यात. आईंना हल्ली... ऐकू कमी येतं ना!"

पदर नाकावरून खाली आले. "अरे देवा! कधीपासनं गो?"

आई प्रवचनाहून परतली तोवर बातमी तिच्यापुढे तीन घरं धावली होती. आळीच्या तोंडाशीच एकीने तिचा हात धरला आणि तिच्या कानात ओरडली, "जपून हो! पायरी आहे!"

"मला दिसते पायरी," आई म्हणाली. "आणि ओरडतेस कशाला?"

"हो, हो! असंच वाटतं सुरुवातीला!"

दुसऱ्या दिवशी दूधवाला ओरडला. तिसऱ्या दिवशी पोस्टमनने खुणांनी पत्र दिलं. देवळात तिला पहिल्या ओळीत बसवून बुवांनी तिच्याकडे तोंड करून प्रवचन केलं, इतक्या जोरात की मागच्या दोघी झोपेतून उठल्या. आई प्रत्येकाला सांगायची, "मला ऐकू येतं." प्रत्येक जण समजूतदारपणे मान हलवायचा. चौथ्या दिवसापासून तिने सांगणं सोडून दिलं आणि तीही मान हलवू लागली.

इथून प्रकरणाला वेगळं वळण लागलं. आई हाकेला ओ देईना. फोन वाजला तरी बघेना. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी तांदूळ निवडत बसलेली. आम्हीच उठवलेली अफवा आम्हालाच खरी वाटू लागली. वहिनी म्हणाली, "बोलाफुलाला गाठ पडली हो!" आपल्या थापेच्या धास्तीने संध्याचं जेवण कमी झालं. कानाच्या डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर आई नुसती हसायची.

आणि बहिऱ्या माणसापुढे लोक बोलतात! यमुनाबाई रोज दुपारी आईच्या सोबतीला येऊ लागल्या. एक मैत्रीण बरोबर आणायच्या आणि आईच्या पुढ्यात बसून दोघी गप्पा मारायच्या. स्वतःच्या सुनेची झाडाझडती, आईच्या आमटीवर अभिप्राय आणि मुख्य विषय, की म्हातारी देवळात गेली की या घरात माकूल शिजतं. आई वाती वळत बसायची. एक वात जास्त लांब नाही, एक आखूड नाही.

दादानेही तेच केलं. मी ते ऐकलंय. आई सूप घेऊन माजघरात बसली होती आणि तो वहिनीशी बोलत होता.

"माशाचं हाड आहे कळलं तर आई नाण्याला शिवायची नाही. सोवळ्यातल्या बाईच्या हातात मी काय ठेवतोय! पण दुसऱ्या कशात तो चेहराच येत नाही गो. एकदा हातात घेऊन 'पुरं झालं' म्हणू दे. मग मी स्वतः सांगेन आणि हवी ती शिक्षा घेईन."

सुपातला खडा आईने उचलला आणि बाजूला ठेवला.

शांत तोंडावर आली. पाहुण्यांची नाणी ओतून झाली, पण दुसरी बाजू राहिली होती. चंद्र जमला होता, ससा जमेना. एक ससा मांजरासारखा झाला, एक थेट यमुनाबाईंच्या यजमानांसारखा. हाडं संपली, दिवस संपले. आदल्या संध्याकाळी दादाने जाहीर केलं, "दुसरी बाजू कोरीच ठेवतोय. निखळ पौर्णिमा! डाग नसलेला चंद्र! कलेत कुठे थांबायचं ते कळावं लागतं."

वहिनी म्हणाली, "ते तुम्हाला फार लवकर कळतं."

समारंभाला अंगण भरलं होतं. यज्ञेशगुरुजी तरुण, पण कडक. वासाची कुणकुण त्यांच्यापर्यंतही पोचली होती. "कानाचं औषध ना?" असं त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं होतं. चंद्राची पूजा झाली, दिव्यांनी ओवाळून झालं. मग दादा चांदीचं नाणं तबकात घेऊन पुढे आला. तबकात नाणं बारीक वाजत होतं.

आईने नाणं उचललं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. अंगठ्याने गालावरून फिरवलं. दादाचा श्वास मला ऐकू येत होता.

"श्याम्या, माझा फोटो पन्नाशीचा. मग या सुरकुत्या कशाने काढल्यास रे?"

दादा तिच्या कानाशी वाकला आणि काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"हाडाने," दादा जरा मोठ्याने म्हणाला.

"कशाने? ऐकू नाही आलं."

"हाडाने, आई!"

"कसल्या?"

दादाने अंगणाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या वाशाकडे पाहत होतो. मग त्याने डोळे मिटले आणि रत्नागिरीच्या बंदरातल्या भोंग्यासारखा ओरडला.

"माकलाच्या हाडाने!"

गुरुजींची पळी हवेत थांबली. कोणाच्या तरी हातातला पेढा खाली पडला. अंगणाच्या कडेला यमुनाबाई उभ्या राहिल्या. एवढे दिवस जपलेलं सत्य अखेर उजेडात आल्याचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर होतं. गुरुजी माझ्याकडे झुकले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "हे पूजेत कसं चालेल? प्राण्याचं हाड..."

"गुरुजी," आई चार हातांवरून म्हणाली, "तुम्ही मघाशी फुंकलात तो शंख काय माडाला लागतो?"

गुरुजींनी शंखाकडे पाहिलं. शंख उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हता.

"चालेल," ते म्हणाले.

अंगणात खसखस पिकली. मग हळूहळू एकेकाच्या ध्यानात आलं, की गुरुजी जे कुजबुजले ते शेजारी बसलेल्या मलासुद्धा अर्धंच ऐकू आलं होतं. सगळ्यात शेवटी ते यमुनाबाईंच्या ध्यानात आलं. त्यांच्या चेहऱ्यावरून महिनाभराच्या दुपारी एकेक करून गेल्या.

"यमुने," आई म्हणाली, "जेवून जा हो. आमटीत चिंच जास्त नाही घातलेली आज."

यमुनाबाई पान वाढायच्या आत घरी पोचल्या होत्या. त्यांच्या सुनेने मात्र पोटभर जेवून घेतलं आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून नाणं घेऊन गेली.

दादा अजून तिथेच उभा होता, रिकामं तबक धरून. आईच्या मुठीत नाणं होतं. तिने ते देवापुढे ठेवलं नाही आणि परतही दिलं नाही. तिने ते उलटलं.

"आणि ही बाजू?"

"ती... पौर्णिमा आहे, आई. निखळ."

"ससा होता ना ह्यात?"

आईने नाणं नऊवारीच्या कनवटीला खोचलं आणि म्हणाली, "पानं घ्या."

पाहुण्यांना दिलेली काही नाणी त्या संध्याकाळी आमच्या गडग्यावर ठेवलेली आढळली. कोणी ठेवली ते समजू शकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. धोंडूबाईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत सध्या एक नाणं आहे. आपल्याच माकलाचं आहे म्हणून ती ते गिऱ्हाइकांना दाखवते.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. आई त्र्याऐंशीत आहे. हार्मोनियमचं पोट उघडं आहे आणि जिना जिथे होता तिथेच थांबतो. दादा मात्र रोज सकाळी मागच्या पडवीत ससा कोरायला बसतो. हाडं आता धोंडूबाई राजरोस पुढल्या दारी आणून देते. आई मधूनमधून पडवीत डोकावते, कनवटीचं नाणं काढून कोरी बाजू त्याच्यापुढे धरते आणि विचारते, "आला का रे ससा?" दादा म्हणतो, "कान झालेत."

परवा मी कामावर जायच्या आधी तिच्याजवळ बसलो. ती वाती वळत होती.

"आई, चेहरा तर झालाय ना. ते दोन शब्द म्हणून टाक की त्याला एकदा."

तिने वात सरळ केली, दिव्यात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."